वहीची मागची बाजू

"आणि सगळ्याच विषयांत पहिली येत असेन तर, सर?"

मुजावर सरांनी मान वर केली नाही. ते व्हरांड्यात मांडी घालून खाटेची नवार आवळत बसले होते.

"तर काय?"

"तर त्यातले तीन कसे निवडायचे?"

सरांनी नवारीचं एक टोक तिच्या हातात दिलं.

"हे धर. ढिलं सोडू नकोस."

केतकीने टोक धरलं. सर पलीकडून नवार ओढू लागले. 

केतकी भणगे तासगावची. वडील बेदाण्याचे व्यापारी. लेक हुशार निघाली म्हणून त्यांनी तिला वाईच्या वरच्या डोंगरातल्या आंतरराष्ट्रीय शाळेत घातलं होतं. तिथे वीस-बावीस देशांतली मुलं शिकत, आणि त्या सगळ्यांत केतकी पहिली येई. दहावीनंतरच्या दोन वर्षांत तिथे फक्त तीन विषय घ्यायचे असत. पुढे कुठल्या विद्यापीठात कुठल्या शाखेला अर्ज करता येईल, ते त्या तीन विषयांवर ठरे. फॉर्म द्यायची मुदत शुक्रवारी दुपारी चारची होती. आज बुधवार.

मुजावर सरांनी त्या शाळेत चौतीस वर्षं गणित शिकवलं होतं. निवृत्त झाल्यावरही शाळेने त्यांना मागच्या चाळीतल्या दोन खोल्या राहायला दिल्या होत्या. अडलेली मुलं अजून त्यांच्याकडे जात. सर उत्तरच देत नाहीत, अशी कुरकुर करत परतत. आणि चार दिवसांनी पुन्हा जात.

"तुझं काय ठरलंय?" सरांनी विचारलं.

"मॅथ्स, फिजिक्स, इकॉनॉमिक्स." केतकीने एका दमात सांगितलं. "हे तीन असले की इंग्लंडमधल्या कुठल्याही मोठ्या विद्यापीठात अर्ज करता येतो. मी तक्ता केलाय."

"ठरलंय, मग मला कशाला विचारतेस?"

केतकीचे कान गरम झाले. खरं तर ती विचारायला आलीच नव्हती. सरांच्या शिफारसपत्राला वजन होतं, आणि सर ते सहसा कुणाला देत नसत. आधी सल्ला विचारावा, मग हळूच पत्राचं काढावं, असं तिने येताना ठरवलं होतं.

"शिफारसपत्र हवं होतं, सर. मसुदा मीच करून आणलाय. तुम्हाला त्रास नको म्हणून."

सरांनी कागद घेतला. चष्मा कपाळावरून खाली ओढला आणि सावकाश वाचला. असामान्य बुद्धिमत्ता, अथक परिश्रम, नेतृत्वाचे गुण... कागदावर सगळं होतं.

"ही कोण?"

"मी, सर."

"हं..."

सरांनी कागदाची घडी घालून तिला परत दिली.

"वह्या घेऊन ये."

"कुठल्या?"

"सगळ्या."

केतकी वसतिगृहात गेली आणि आठ विषयांच्या आठ वह्या घेऊन आली. येताना तिला जरा बरंच वाटत होतं. तिच्या वह्या शाळेत नावाजलेल्या होत्या. नव्या मुलांना नमुना म्हणून दाखवत त्या.

सरांनी वरची वही घेतली. गणिताची. ती पालथी केली आणि मागून उघडली.

"सर, उलटी धरलीत."

"ठाऊक आहे."

मागचं पान कोरं होतं. त्याच्या आधीचंही.

"मी रफ काम वेगळ्या कागदावर करते, सर. नंतर टाकून देते."

"गेल्या परीक्षेत गणितात किती होते?"

"अठ्ठ्याण्णव."

"दोन कुठे गेले?"

केतकीने आठवून पाहिलं. "लक्षात नाही, सर."

सरांनी वही बाजूला ठेवली. फिजिक्सची उघडली, तीही मागून. कोरी. फ्रेंचची कोरी. इंग्रजीच्या वहीत कुणीतरी काढलेलं मांजर होतं. ते मैत्रिणीने काढलं होतं, असं केतकीने लगेच सांगितलं. इकॉनॉमिक्सच्या वहीत विद्यापीठांची यादी होती, क्रमांक घालून. सरांनी ती वाचली नाही.

आतून खाला, म्हणजे सरांच्या पत्नी, चहा घेऊन आल्या. "पोरीला बसायला तरी सांगा," त्या म्हणाल्या, "कवाची उभी आहे." केतकी पायरीवर बसली.

सातवी वही भूगोलाची. केतकी एकदम म्हणाली, "ती राहू द्या, सर. तिच्यात काही नाही."

सरांनी ती मागून उघडली. आणि थांबले.

मागच्या बाजूने सात पानं गच्च भरली होती. अक्षर तिचंच, पण वह्यांतलं नव्हे. घाईचं, तिरकं, मध्येच खोडलेलं. तारखा होत्या. प्रत्येक तारखेपुढे दोन आकडे, खाली त्यांची आकडेमोड. एका पानावर मातीचा डाग होता, आणि दोन पानं ओली होऊन वाळल्यासारखी फुगली होती.

सर वाचत राहिले. चहावर साय धरली.

"हे कोणत्या विषयाचं?" शेवटी त्यांनी विचारलं.

"हे... विषयाचं नाही, सर. उगाच आहे."

"सांग."

शाळेच्या कुंपणाखाली उतारावर दोन झरे होते. खालच्या वाडीतल्या बायका तिथून पाणी नेत. ऑक्टोबरमध्ये भूगोलाचा वर्ग तिथे एकदा गेला होता, तासाभरासाठी. बाकीची मुलं ती सहल विसरून गेली. केतकी पुढच्या रविवारी पुन्हा गेली. लिटरची एक बाटली घेऊन. बाटली किती सेकंदांत भरते, ते तिने दोन्ही झऱ्यांवर मोजलं. मग त्याच्या पुढच्या रविवारी. मग दर रविवारी.

"वरचा झरा ऑक्टोबरात नऊ सेकंदांत बाटली भरायचा," ती म्हणाली. "डिसेंबरात एकवीस. गेल्या रविवारी दोन मिनिटं लागली. आणि खालचा..."

"चौदा, चौदा, पंधरा, चौदा," सरांनी वाचलं.

"हो! तो हलतच नाही. एकाच डोंगराचे दोन झरे, मध्ये शंभर पावलंसुद्धा नाहीत."

ती उठून सरांच्या शेजारी आली होती. तिचं तिलाच कळलं नव्हतं.

"जानेवारीतला दुसरा रविवार रिकामा आहे," सर म्हणाले.

"ताप होता, सर. उठूच दिलं नाही मला." केतकीचा चेहरा पडला. "सोमवारी गेले होते. पण सोमवारचं माप रविवारच्या रांगेत कसं लिहायचं? म्हणून रिकामं ठेवलं. अजून डोळ्यांना खुपतं ते."

सरांनी तिच्याकडे नीट पाहिलं. आल्यापासून पहिल्यांदाच.

"कुणाला दाखवलंस?"

"नाही. याला मार्क नाहीत ना." मग तिने स्वतःला सावरलं. "आणि भूगोल सोपा विषय आहे, सर. सगळे म्हणतात. पप्पा म्हणतात, भूगोल शिकून काय नकाशे विकणार?"

"सोपा आहे?"

"हो."

"मग सांग. खालचा का आटत नाही?"

केतकीने तोंड उघडलं...

अंगणात एक सुतारपक्षी खोडावर टकटक करत होता. खाला आत भांडी लावत होत्या.

"माहीत नाही," केतकी म्हणाली.

आणि तिची तिलाच गंमत वाटली. या शाळेत तिने हे दोन शब्द कधी कुणासमोर उच्चारले नव्हते. वाटलं होतं त्याहून ते हलके होते.

सर मात्र मोठ्याने हसले. खाला दारात येऊन पाहून गेल्या.

"मग मी भूगोल घेऊ?"

"मी कुठे म्हणालो?"

"मग काय करू, सर?"

"चहा गार झाला. पिऊन टाक आणि जा."

दुसऱ्या दिवशी दुपारी केतकी झऱ्यावर गेली. हातात बाटली नव्हती, घड्याळ नव्हतं. ती खालच्या झऱ्याशी दगडावर बसली आणि नुसती बघत राहिली. वर तांबडा, भोकाभोकांचा जांभा. त्याच्याखाली काळा खडक. आणि जिथे तांबडं संपून काळं सुरू होत होतं, नेमकं तिथून पाणी येत होतं. पाच महिने ती इथे येत होती, पण पाच महिने तिने फक्त बाटलीकडे पाहिलं होतं.

वाडीतली हिराक्का हंडा घेऊन आली. तिला पाहून थबकली.

"आज ऐतवार न्हाई की गं?"

"नाही. गुरुवार."

"मग आज कशी? आन् बाटली कुठाय?"

"आणली नाही. आज नुसती बघते."

"बघ की. बघायला कोन नाय म्हनतंय."

हिराक्काने हंडा धारेखाली लावला. केतकीने विचारलं, "अक्का, हा का आटत नाही?"

"आमची सासू म्हनायची, वरचं पानी पावसाचं, आन् खालचं पानी डोंगराचं."

"डोंगराचं म्हणजे?"

"आता त्ये मला काय ठावं? शिकल्याली तू."

हंडा भरला. हिराक्का गेली. केतकी तिथेच बसून राहिली. पाणी खडकातून कुठल्या वाटेने येतं? किती वर्षांपूर्वीचा पाऊस असेल हा? ते शोधायला खडक कळायला हवा. पाण्यात काय काय विरघळून आलंय ते कळायला हवं, म्हणजे केमिस्ट्री आली. आणि वेग काढायचा तर गणिताशिवाय पानही हलणार नाही. ती बोटांवर विषय मोजत होती, आणि या वेळी तक्ता आठवला नाही.

इकॉनॉमिक्सचा तास बुडाला होता. शाळेच्या फाटकाशी आल्यावर तिला ते आठवलं.

संध्याकाळी तिने घरी फोन लावला. 

"भूगोल?" वडील म्हणाले. "आन् फिजिक्सचं काय झालं?"

"ते सोडते. भूगोल, मॅथ्स, केमिस्ट्री."

"इंग्लंडचं कसं मग?"

"तिथेही शिकवतात, पप्पा. पाण्याचं, खडकांचं. पण आधीच्या यादीतली दोन-तीन कॉलेजं जातील बहुतेक."

"मार्क पडतील?"

"सांगता येत नाही."

 पलीकडे बेदाणे निवडणाऱ्या बायकांचा कलकलाट ऐकू येत होता.

"तू असं कवा म्हटली न्हाईस," वडील म्हणाले.

"कसं?"

"सांगता येत न्हाई म्हणून." त्यांनी घसा खाकरला. "आपल्या मळ्यात बोअर मारत सातशे फूट खाली गेलो, धुरळा निघाला. शेजारी पाटलाला दोनशेवर पाणी. मधी नुसता बांध हाय. पाणाड्या आणला, नारळ फिरवला, समदं केलं. का झालं असं?"

"माहीत नाही, पप्पा."

"हां... भर मग फॉर्म. तुझ्या आईला मी सांगतो. ती आठ दिवस माझ्याशी बोलायची न्हाई, पण सांगतो."

केतकी फोन ठेवून खिडकीशी उभी राहिली. रडू येतंय की हसू, ते कळेना. भूक मात्र सडकून लागली होती. जेवणघरात जाऊन तिने तीनदा आमटी-भात वाढून घेतला.

शुक्रवारी साडेतीनला ती सरांकडे पोचली. भरलेला फॉर्म हातात होता. सर खाटेवर बसले होते. नवार ताठ झाली होती. त्यांनी तीन विषय वाचले.  उशीखालून एक बंद पाकीट काढून तिला दिलं.

"काय आहे, सर?"

"पत्र. तुला हवं होतं ना?"

"पण मी... मसुदा तर तुम्ही परत दिलात."

"तो त्या दुसऱ्या मुलीचा होता."

केतकीने पाकीट उलटसुलट करून पाहिलं. आत काय लिहिलंय, हे विचारावंसं तिला वाटलं, पण विचारलं नाही. तिने वाकून नमस्कार केला. खालांनी आतून येऊन तिच्या हातावर गुळाचा खडा ठेवला. ती चार पावलं गेली आणि वळली.

"सर, बरोबर निवडलं ना मी?"

सर खाटेचा एक पाय हलवून पाहत होते.

"बोला ना, सर. आणि हे चुकलं तर?"

सरांनी पाय जागेवर बसवला. हात झटकले.

"चुकलं तर सांगायला ये. बरोबर आलं तर येऊ नकोस, मला कामं असतात."