सावकीच्या वाट्याची हवा

त्या राज्यात शहराने टाकलेले सगळे येत असे आणि तिथून बाहेर फक्त पाणी जात असे. खरकटे, साबणाचा फेस, तेलाचा तवंग, मोऱ्यांतले आणि संडासांतले, जे कोणालाच नको होते ते एका मोठ्या हौदात उतरे. हौदातले रहिवासी डोळ्यांना दिसणार नाहीत इतके लहान होते. आलेले खाऊन संपवणे हेच त्यांचे काम होते आणि हाच त्यांचा घास. श्वासाला लागणारी हवा तळाच्या बारीक छिद्रांतून बुडबुड्यांनी वर येई.

तिथे दोन कुळे नांदत होती. मोठे कुळ धावजीचे. ते भराभर खात, भराभर वाढत. अर्ध्या तासात एकाचे दोन होत. सकाळी आलेला काळा लोंढा दुपारपर्यंत फिकट झालेला दिसे आणि तो कोणी फिकट केला हे सांगावे लागत नसे. दुसरे कुळ सावकीचे. ते मोजके होते आणि संथ. त्यांच्यात एकाचे दोन व्हायला दिवस उलटत. ते घाणीला तोंडच लावत नसत. धावजीच्या लोकांनी खाल्ल्यावर पाण्यात एक जहर उरे. त्याला रंग नव्हता, गाळ नव्हता. सावकी त्याला नुसते ‘कडू’ म्हणे. तेवढेच तिचे कुळ खाई आणि ते पचवायला त्यांना पुष्कळ हवा लागे.

एके दिवशी तळाची निम्मी छिद्रे बुजली. लोंढा मात्र होता तेवढाच येत राहिला. दुसऱ्या दिवशी धावजीचे लोक धापा टाकू लागले. तिसऱ्या दिवशी त्याच्या शेजारचे, त्याच्यातूनच वेगळे झालेले दोघे तळाला गेले आणि पुन्हा हलले नाहीत. तेव्हा त्याने सगळ्यांना बोलावले.

“हवा निम्मी आहे,” तो म्हणाला. “सगळ्यांना पुरणार नाही. ज्याचं काम दिसतं, त्याला आधी.”

सगळ्यांच्या नजरा सावकीकडे वळल्या.

“सावकी, तुमची माणसं मूठभर आणि हवा ओढता सुपानं. तुम्ही काय उचलता ते एकदा दाखवा.”

“दिसत नाही तेच आम्ही उचलतो,” सावकी म्हणाली. “दाखवू कसं?”

“मग ते आहे हे कशावरून?”

“चाखून बघा.”

धावजीने खरोखर चाखून पाहिले. तो अन्यायी नव्हता. त्याने दोनदा, तीनदा पाण्याचा घोट घेतला आणि मान हलवली. त्याला काही लागले नाही. ते कडू त्याच्याच अंगातून सुटलेले होते आणि जन्मापासून त्याच्या जिभेवर होते.

“काही नाही, बाई. नुसतं पाणी आहे.”

सावकीने वाद घातला नाही. “एक लक्षात ठेवा, धावजी,” ती एवढेच म्हणाली, “आम्ही कमी झालो, तर तुमच्यासारखे लगेच भरून येणार नाही.”

“छिद्रं मोकळी झाली की तुमचा वाटा पहिला. शब्द देतो.”

“द्या,” ती म्हणाली आणि आपल्या माणसांत परत गेली.

त्या दिवसापासून बुडबुडा वर आला की धावजीचे लोक त्याला चहूकडून वेढत. सावकीच्या कोपऱ्यापर्यंत पोचेतो त्यात काही उरलेले नसे. तिकडून ओरडा आला नाही, भांडण झाले नाही. ते कुळ जसे जगत होते तसेच, आवाज न करता, विरळ होत गेले.

पुढे कोणीतरी वरून तळ साफ केला आणि छिद्रे पुन्हा फुरफुरू लागली. लोकांनी आनंदाने घिरट्या घातल्या. धावजीने आपला शब्द पाळला. पहिला, सगळ्यांत मोठा बुडबुडा त्याने कोणाला शिवू दिला नाही. तो स्वतः ढकलत सावकीच्या कोपऱ्यापर्यंत नेला.

कोपरा रिकामा नव्हता. तिथे त्याचेच लोक दाटीने राहायला आले होते.

“इथे सावकी राहायची,” तो म्हणाला.

“आम्ही आलो तेव्हा कोणी नव्हतं,” त्यांच्यातला एक म्हणाला आणि बुडबुड्याकडे बघू लागला. “हा आमच्यासाठी?”

 धावजीच्या हातातला बुडबुडा सुटून वर गेला.

त्याला चैन पडेना. पाणी जिथून बाहेर पडे त्या उंबऱ्याला देठाने चिकटून गोंदाबाई राहत असे. जाणारे पाणी पाहणे हा तिचा धर्म. तो तिच्याकडे गेला.

“गोंदाबाई, खरं सांगा. पाणी कसं जातंय?”

“नितळ,” ती म्हणाली. “पूर्वी जायचं तसंच. काडीचा फरक नाही.”

हे ऐकून त्याला बरे वाटायला हवे होते. पण सावकीचे ‘चाखून बघा’ त्याच्या मनातून जाईना. उंबऱ्यापलीकडे गेलेला परत येत नसे, हे त्याला ठाऊक होते. तरी त्याने अंग सैल सोडले आणि पाण्याबरोबर तो बाहेर पडला.

बाहेर एक तळे होते. दुपार होती आणि ऊन थेट तळापर्यंत पोचत होते. एवढा उजेड त्याने कधी पाहिला नव्हता. काठावर एक बाई आणि एक पुरुष थांबले होते.

“काय सुंदर पाणी आहे हो,” बाई म्हणाली. “खडा न् खडा दिसतोय.”

“दिसणारच. साफ करून सोडतात.”

“आणि ते खाली काय चमकतंय, रुपेरी?”

“असतील शिंपले.”

धावजीचा ऊर भरून आला. त्या चमकेकडे तो हळूहळू उतरत गेला. जवळ पोचल्यावर त्याला खवले दिसले, मग उघडा डोळा. दगडांच्या मधोमध मासे कुशीवर पडले होते, लहान आणि मोठे, तोंडे वासून, एकही हलत नव्हता. वर काठाशी एक भुकेला बगळा उथळ पाण्यात केव्हाचा उभा होता. मान खाली घालून तो त्या माशांकडे एकटक पाहत होता आणि चोच पाण्यात घालत नव्हता.