परक्याची कबर

वसईकडच्या एका गावात धुकट संध्याकाळी किनाऱ्याला अनोळखी माणसाचं प्रेत लागलं. डोळे सताड उघडे होते आणि गावातलं एकही कुत्रं भुंकत नव्हतं.

दर रविवारी चर्चमध्ये ‘शेजाऱ्यावर प्रीती करा’ असं वाचून दाखवणारे गावचे पुढारी बस्त्याव लोपीस गरजले, “आमच्या कबरस्तानात परक्याला जागा नाही!”

प्रेताशेजारी बसलेली म्हातारी कार्लीन म्हणाली, “मग बाबा, तुम्ही स्वतःसाठी बांधून ठेवलेली संगमरवरी कबर द्या. येशूलाही दुसऱ्याच्याच कबरीत ठेवलं होतं. मालकाला ती तिसऱ्या दिवशी रिकामी परत मिळाली.”

सगळ्यांसमोर बस्त्यावना नाही म्हणवेना. परका त्यांच्या कबरीत निजला.

तिसऱ्या दिवशी पहाटे बस्त्याव आतून कडी घालून बसले होते आणि कुणी दार ठोठावू नये म्हणून येशूची प्रार्थना करत होते.