चौथ्या कोपऱ्याचा झेंडा

फार वर्षांपूर्वी, इंजिनं कोळसा खात होती आणि धामणखेड जंक्शनचं आभाळ भर दुपारीही काळवंडलेलं असायचं, तेव्हाची ही गोष्ट.

तिथल्या रेल्वे कामगारांनी फुटबॉलचा क्लब काढला. कुणी फिटर, कुणी फायरमन, कुणी रूळ सांभाळणारा गँगमन. मैदान म्हणजे यार्डामागची मुरमाड जमीन. गोलाला खांब हवे होते, म्हणून चिंचेच्या वळणावरून काढून टाकलेले जुने रूळ त्यांनी आणून उभे गाडले. म्हातारी माणसं म्हणाली, त्या वळणावर एकदा गाडी पडली होती, तिथलं लोखंड आणू नका. पण लोखंड आयतं मिळत होतं आणि खेळायची घाई होती.

या लोकांना खेळ यायचा, पण नोकरीची सवय अंगातून जात नव्हती. पहिल्याच सामन्यात रेषेवरच्या पंचानं लाल झेंडा वर केला, आणि अकराच्या अकरा जण जागच्या जागी थांबले. शिट्टी वाजलीच नव्हती. समोरच्यांनी आरामात गोल केला. तेव्हापासून सगळीकडे टिंगल सुरू झाली, "लाल दाखवा, गाडी उभी!" क्लब खालच्या गटात पडला तो तिथेच राहिला.

कप्तान होता हिलाल सपकाळे, लोकोशेडचा फिटर. त्याच्या डोक्यात एकच होतं, एकदा तरी वरच्या गटात जायचं. गोलात उभा राहायचा सुभान तडवी. सुभान चावीवाला होता. रोज पहाटे हातोडा घेऊन तो रुळाच्या कडेनं चालायचा आणि रूळ धरून ठेवणाऱ्या लोखंडी चाव्या ठोकत जायचा. घट्ट चावी ठण्ण वाजते, सैल चावी ठप्प करते. हाताला तीच सवय, म्हणून सामन्याआधी तो गोलाच्या खांबावरही हातोडा मारून बघायचा.

"काय ऐकून राह्यला भो?" हिलाल विचारायचा.

"वळण कसं आहे ते ऐकतो."

"वळण तिकडे मैलभर, हा खांब इकडे. येडा झाला का?"

"एकाच रुळाचे तुकडे आहेत, हिलालभाऊ. एकमेकांना विसरत नाहीत."

पोरं हसायची. पण एकदा खांब ठप्प वाजला आणि त्याच दिवशी वळणावर चाव्या निखळलेल्या सापडल्या, तेव्हापासून हसणं कमी झालं, असं म्हणतात.

मग तो वैशाख आला. त्या वर्षी सामने लांबले होते. शेवटचा सामना गिरणीच्या संघाशी, आणि बरोबरी झाली तरी धामणखेड वरच्या गटात जाणार होतं. ऊन इतकं की मैदानापलीकडच्या रुळांवर पाणी साचल्यासारखं दिसत होतं. थेंब नव्हता कुठे. नुसती लहर हलत होती.

सामना संपत आला तरी गोल नव्हता. चेंडू पलीकडच्या टोकाला होता. सुभान खांबाला पाठ लावून उभा होता, तो एकदम चटका बसल्यासारखा पुढे झाला. त्यानं वळून खांबाला कान लावला. मग मुठीनं ठोकलं. आवाज आला नाही. मातीवर मारावं तसा खांब मुका. त्यानं पुन्हा मारलं. असं म्हणतात, त्या क्षणी झाडावरचे कावळेही गप्प झाले.

पाचोऱ्याकडून येणारी पॅसेंजर सुटलेली होती. बाजाराचा दिवस, गाडी माणसांनी भरलेली.

सुभाननं गोल सोडला. रुळांच्या बाजूच्या कोपऱ्यातला लाल झेंडा काठीसकट उपटला आणि धावत सुटला.

"सुभान!" हिलाल ओरडला. "अरे दोन मिनिटं! दोन मिनिटं थांब!"

सुभान थांबला नाही.

"आज गोल सोडून गेलास तर परत तोंड दाखवू नको!"

तेव्हा सुभाननं एकदाच मागे पाहिलं. आणि तो त्या पाण्यासारख्या लहरीत शिरला. आधी पाय दिसेनासे झाले, मग कंबर, मग खांदे. शेवटी नुसता लाल झेंडा लहरीवरून पळताना दिसला.

गिरणीवाल्यांनी मोकळ्या गोलात चेंडू टाकला. शिट्टी वाजली. कागदावर लिहिलं गेलं, धामणखेड हरलं. लिहू द्या. कागदाला एवढंच कळतं.

हिलाल रागानं पेटून सुभानच्या मागे धावला. मागून सगळा संघ. वळणावर पोचले तर गाडी उभी होती. खिडक्यांतून माणसं डोकावत होती, पोरं रडत होती. इंजिनापासून चार पावलांवर उन्हानं रूळ फुगून सापासारखा वाकला होता. आणि त्या वाकड्या रुळाच्या मधोमध, खडीत, झेंड्याची काठी रोवलेली.

"तो माणूस कुठाय?" हिलालनं विचारलं.

ड्रायव्हर इंजिनातून खाली उतरला. "मी लांबूनच पाहिलं त्याला. ब्रेक मारला. तो माझ्याकडे तोंड करून उभाच होता. गाडी थांबली, वाफ निवली... तिथे कुणी नव्हतं."

रक्त नव्हतं, वस्त्र नव्हतं, खडीत पाऊल नव्हतं. नाला शोधला, चिंचेखाली पाहिलं, तडवीवाड्यात निरोप गेला. सुभान मिळाला नाही. सकाळी पाहिलं तर काठीही जागेवर नव्हती.

हिलालला आपलेच शब्द खात राहिले. तो त्या रिकाम्या कोपऱ्यात जाऊन बसायचा. कुणी नवा झेंडा आणला तर म्हणायचा, "हात लावू नको. त्यानं नेलाय, तोच आणून लावेल."

पुढे क्लब दोनदा वर जाण्याच्या जवळ आला. दोन्ही वेळा सामने भरवणारे साहेब लोक म्हणाले, मैदानाला चार झेंडे लागतात, तीन चालणार नाहीत. एकदा नव्या सेक्रेटरीनं गुपचूप चौथा लावला. त्या दिवशी गोलाचा खांब ठण्णही वाजला नाही आणि ठप्पही. सेक्रेटरीनं स्वतःच्या हातानं झेंडा काढला आणि क्लब खालच्या गटात राहिला. एका झेंड्यासाठी वरचा गट सोडणाऱ्यांना लोक खुळे म्हणाले. त्या गाडीतून उतरलेल्यांची नातवंडं आज याच क्लबातून खेळतात. खुळं कुणाला म्हणायचं?

आजही धामणखेडला सामन्याआधी कप्तान खांबावर हातोडा मारतो आणि सगळं मैदान कान देऊन ऐकतं. ठण्ण वाजला तर खेळ सुरू. ठप्प वाजला तर दोन्ही संघ आणि बघणारेही आधी वळणावर चालत जातात. पंच कुरकुरत नाहीत. वैशाखात त्या वळणावर ड्रायव्हरला लाल काहीतरी दिसतं आणि गाडी आपोआप हळू होते, असं म्हणतात.

आणि हिलालनं मरेपर्यंत जे केलं, ते प्रत्येक कप्तान करतो. सामना संपला, हार असो की जीत, तो त्या मोकळ्या कोपऱ्यात उभा राहतो आणि रुळांकडे तोंड करून हाक मारतो, "सुभान, ये रे भो! परत ये!"

मग सगळे थांबतात. कधी काहीच येत नाही. कधी, कुठलीही गाडी नसताना, लांब वळणावर कुणीतरी चावी ठोकतं.

ठण्ण.

तेवढं ऐकलं की माणसं घरी जातात.