भरताना वाढलेली बांगडी

एका बाजाराच्या गावात एक कासारीण राहायची. तिच्या हातून बांगडी कधी फुटतच नाही, असं बायका म्हणायच्या. तसं काही नव्हतं. काच ती, फुटायचीच. पण फुटली की कासारीण हसून म्हणायची, "वाढली गं एक! असू दे. भरताना वाढलेली बांगडी कासाराची. तू आपला हात सैल सोड." ही तिच्या घराण्याची रीतच होती. फुटलेल्या बांगडीचा भुर्दंड गिऱ्हाइकावर कधी पडायचा नाही. त्यामुळे बायका निर्धास्तपणे तिच्या हातात हात द्यायच्या, आणि हात सैल सुटला की घट्ट मापाची बांगडीसुद्धा अलगद चढायची.

कासार बिचारा वर्षभर जत्रांमागे फिरतीवर. मूलबाळ नाही. उभी हयात भाड्याच्या घरात काढल्यावर उतारवयात एकदाचं दोघांनी तीन खोल्यांचं कौलारू घर बांधलं. टोकाच्या खोलीत कासारीण स्वतः राहिली. मधली खोली तिनं टोपल्या विणणाऱ्या एका तरुण जोडप्याला दिली आणि पलीकडची देवळात सनई वाजवणाऱ्या म्हाताऱ्याला. मधल्या खोलीच्या तुळईला तिनं मुद्दाम पाळण्यासाठी लोखंडी कडी बसवून घेतली होती. आपल्या मुलाचा पाळणा हलला नाही, निदान आपल्या घरात कोणाचा तरी हलावा, एवढी तिची हौस. आणि स्वतःची हौस म्हणाल, तर ओसरीवर झोपाळा टांगायचा. त्यासाठी एक सागवानी तुळई तिनं अंगणात आणून ठेवली होती. भाड्याच्या घरात झोपाळ्याचं नाव कोण काढणार!

घरमालकीण व्हायची तिला सवय नव्हती. म्हणून ती शेजारच्या तेलिणीकडे सल्ला मागायला गेली. तेलिणीच्या पाच खोल्या, सगळ्या भाड्यानं दिलेल्या.

तेलीण म्हणाली, "हे बघ, भाडेकरूला बोट दिलं की तो मनगट धरतो. काहीही मोडलं, तुटलं, तर पहिल्यांदा त्याच्याच अंगावर घाल. मग बघ, कोणी तक्रार घेऊन येतंय का!"

कासारणीनं हे मनावर घेतलं. नव्या घरमालकाला घर म्हणजे नवा दागिना. कोणी नुसता हात लावला तरी जीव वरखाली होतो.

थोड्याच दिवसांत सनईवाला म्हातारा दारात आला. "बाई, माझ्या दाराचं बिजागर निखळलंय. जरा सुतार बघाल का?"

"अहो, परवा तर नवं लावलंय! तुम्हीच दार आपटलं असणार. आता तुमचं तुम्हीच बघा." कासारीण एवढ्या मोठ्यानं बोलली की मधल्या खोलीतही ऐकू गेलं.

म्हातारा गोरामोरा होऊन परत गेला. त्यानंतर मात्र कोणीच तक्रार घेऊन आलं नाही. सगळं कसं शांत. कासारीण खूश. तेलिणीला म्हणालीसुद्धा, "तुझा मंत्र लागू पडला बाई!"

बघता बघता टोपल्या विणणारीला सातवा महिना लागला. कासारणीच्या आनंदाला पारावार उरला नाही. हिरव्यागार बांगड्यांची चळत घेऊन ती स्वतः मधल्या खोलीत गेली. "चल, बस पाटावर. आज माझ्याकडून तुला चुडा."

पोरगी पाटावर बसली आणि तिनं हात पुढे केला. कासारणीनं तो हळूच दाबला, पहिली बांगडी सरकवली, आणि ती फुटली. दुसरी घेतली, तीही फुटली. तिसरी तर अंगठ्यापाशीच तडकली. असं आजवर कधी झालं नव्हतं. हात कसला, लाकूड झालं होतं नुसतं.

"अगं, एवढी काय भितेस? सैल सोड की हात. वाढली तर वाढली, भरताना वाढलेली बांगडी कासाराची."

हे ऐकलं आणि पोरीला रडूच कोसळलं. "बांगडीला नाही भीत मी, मावशी. तुम्हाला भिते."

तिची नजर सारखी कोपऱ्यातल्या टोपल्यांकडे जात होती. टोपल्यांची थप्पी पार छतापर्यंत रचलेली. कासारीण उठली. तिनं एकेक टोपली खाली काढली. मागे भिंतीवरून वाळवीची मातकट रेघ वर चढत थेट तुळईत शिरली होती. पाटावर उभं राहून तिनं पाळण्याची कडी जरा ओढली, तर कडी लाकडाच्या भुशासकट तिच्या हातातच आली.

दोन महिन्यांनी याच कडीला पाळणा टांगला असता आणि त्यात मूल असतं.

"कधीपासून आहे हे?"

"कधीचंच आहे. आम्ही रॉकेल लावून पाहिलं, रेघ खरवडून पाहिली. पण परत येते."

"मग मला सांगायचं नाही का गं?"

पोरगी म्हणाली, "बिजागरासाठी तुम्ही सनईवाल्या आजोबांना काय बोललात ते ऐकलं होतं. आम्ही तर घरात बांबू आणतो. 'वाळवी तुम्हीच आणलीत' म्हणाला असतात, आम्हाला बाहेर काढलं असतंत. अशा दिवसांत कुठं जाणार, मावशी?"

कासारणीला आपलं जुनं भाड्याचं घर आठवलं. तिथलं कौल फुटलं तेव्हा ती गळक्या जागी पातेलं ठेवायची आणि मालक आला की पातेलं खाटेखाली सरकवायची. तो मालक नुसता खाकरला तरी ती पातेल्याकडे धावायची. आज आपली पावलं ऐकून दुसरं कोणी तसंच टोपल्या रचतंय, हे तिला फार लागलं.

तोवर रडणं ऐकून तेलीण आलीच. "बघितलंस? बांबूनंच आणली वाळवी! तुळईचे पैसे भरून घे आणि काढ दोघांना बाहेर!"

पोरीनं पोटावर हात धरला आणि ती खाली मान घालून बसली. कासारीण एकदा तिच्याकडे बघे, एकदा जमिनीवरच्या हिरव्या काचांकडे.

"नाही," ती म्हणाली. "आंब्याच्या लाकडाची स्वस्तातली तुळई मीच घातली होती. वाळवीला आमंत्रण माझंच. आणि नसतं, तरी राहताना मोडलं ते माझं. बांगडीला जी रीत, तीच घराला."

त्याच दिवशी जोडपं तिच्या खोलीत राहायला आलं. सुतार आला. अंगणातली झोपाळ्याची सागवानी तुळई मधल्या खोलीत चढली. ती चढताना कासारीण थोडी हळहळली, खोटं कशाला सांगा! पण नवी कडी बसली तेव्हा तिनं स्वतः तिला लोंबकळून पाहिलं. सुताराला हसू आवरेना.

मग तिनं भाडेकरूंना सांगून टाकलं, "मोडलं तर माझं. पण लपवलंत तर भांडेन!"

सनईवाला म्हातारा दारातच उभा होता. तो चाचरत म्हणाला, "मग... बाई, माझ्या चुलीमागची भिंतही जरा फुगलीय. आणि कौल सरकलंय. आणि ते बिजागर..."

कासारणीनं कपाळाला हात लावला, आणि मग तीही हसली.

नंतर मधल्या खोलीत बारसं झालं. दारात सनई वाजली. कासारणीनं पोरीचा हात हातात घेतला. हात लोण्यासारखा मऊ होता. बांगड्या एकामागून एक चढल्या, एकही वाढली नाही. ओसरीवर झोपाळा नव्हता, पण आत पाळणा हलत होता आणि त्याची दोरी कासारणीच्याच हातात होती.

तिकडे तेलिणीच्या पाच खोल्यांतून अजून एकही तक्रार आलेली नाही. ती अगदी खुशीत आहे.

तात्पर्य: ज्या घरात मोडलेलं सांगायची भीती वाटते, ते घर आतून पोखरलं जातं, आणि धाक दाखवणाऱ्याला ते सगळ्यात शेवटी कळतं.