गुडघाभर गाळ

“मग या सगळ्याला अर्थ काय, आक्का?”

नरहरशास्त्र्यांनी हे तिसऱ्यांदा विचारलं. खांद्यावर वळकटी होती, पायांत वहाणा होत्या. गडी निघायच्या तयारीनंच आला होता.

पूर ओसरून चार दिवस झाले होते. आक्का मठाच्या ओट्यावर कोपरापर्यंत हात चिखलात घालून बसल्या होत्या. याच ओट्यावर त्यांनी नरहरला बारा वर्षं शिकवलं. पुढं दहा गावांत त्याचं नाव झालं आणि मठाची वाट जरा लांब वाटू लागली. असतं एकेकाचं!

“पाठशाळा बुडाली,” शास्त्री म्हणाले. “अठरा वर्षं ग्रंथ लिहीत होतो, त्याचं एक पान राहिलं नाही. काशीला चाललोय. परत येणं नाही.”

“बायकोला सांगितलंस?”

शास्त्र्यांनी वळकटी दुसऱ्या खांद्यावर घेतली.

“आणि शाळेतल्या मुलांना?”

“त्यांना शिकवू काय, आक्का? माझंच सगळं धुऊन गेलं! शाळेत उरलंय काय? गुडघाभर गाळ. मी तर आत पाऊलसुद्धा टाकलं नाही.”

आक्कांनी नुसतं ‘हं’ केलं आणि चिखलात मूठभर तूस मिसळलं.

आपल्या गुरूला या वयात असं राबताना बघून शास्त्र्यांना भरून आलं. दाराशी पाटीभर गाळाचा ढीग उरला होता. जाता जाता एवढी तरी सेवा घडावी म्हणून त्यांनी कोपऱ्यातली वेताची पाटी उचलली, तो सगळा गाळ तिच्यात काठोकाठ भरला आणि थेट नदीत रिकामी करून आले.

येऊन बघतात तो आक्का कपाळाला हात लावून बसलेल्या.

“फेकलास?”

“हो. घाण होती, काढून टाकली.”

“शहाणा रे माझा!”

आक्कांच्या पुढ्यात ओली चूल होती. भांडं टेकायला तीन उंचवटे लागतात, तिचे दोनच झाले होते. अंगणात आणखी सहा चुली वाळत होत्या. शास्त्र्यांनी त्या आत्ता पाहिल्या.

“अख्ख्या आळीच्या चुली पुरात विरघळल्या,” आक्का म्हणाल्या. “तांदूळ आलाय, पण बायका शिजवणार कशावर? हा गाळच काय तो कामाचा होता. पण घर धुवायच्या घाईत सगळ्यांनी तो नदीत लोटला. काठावर नुसती वाळू आहे, तिची चूल होत नाही.”

“मला काय माहीत, आक्का...”

“इतकी वर्षं जेवत होतास ना?”

शास्त्री चांगलेच ओशाळले. त्यांनी वळकटी खाली ठेवली. मग पुन्हा उचलून खांद्यावर टाकली.

“अजून किती चुली व्हायच्यात?”

“अकरा.”

घाटावरून नावाड्यानं हाक दिली. पलीकडं जाणारी आजची ही शेवटची नाव होती.

“आक्का... निघू मी?”

आक्कांनी मान वर केली नाही. रिकामी पाटी तेवढी पायानं त्यांच्याकडं सरकवली.

“गुडघाभर आहे म्हणालास ना?”