पान्हा चोरणारी गाय

एका राज्यात विधिसेन नावाचा राजा होता. शास्त्राचा शब्द म्हणजे त्याला काळ्या दगडावरची रेघ. शास्त्र सांगे, जेवणाआधी गृहस्थानं अंगणात उभं राहावं, एका गाईची धार काढून होईस्तोवर अतिथीची वाट पाहावी. राजा रोज उभा राही. पण पोटात कावळे ओरडू लागत, मग काय करील बिचारा! त्यानं राज्यातली धारेला सगळ्यात हलकी गाय आणवली, सगळ्यात चपळ गवळी नेमला. नजर चरवीवर. चरवी भरली की दाराला अडसर. शास्त्र पुरं, जेवण सुरू!

एके दिवशी अडसर पडतो न पडतो तोच एक म्हातारा पायरीशी आला.

"राजा, भूक लागली आहे."

"धार झाली, बाबा. उद्या वेळेवर या."

म्हातारा साधासुधा नव्हता, मांत्रिक होता. म्हणाला, "मी रोज येईन. तुझ्या हातचं पान मला मिळेपर्यंत या घरात शिजलेला घास तोंडात खडा होईल."

झालं! भाताचे खडे, खिरीचे खडे. कच्चं दूध तेवढं घशाखाली उतरे. धाकटी राजकन्या बिंबा दिवसेंदिवस वाळू लागली. राणी कनकवेणीच्या काळजाचं पाणी पाणी झालं. ती उठली आणि रानातल्या बोलक्या धनेश पक्ष्याकडे गेली.

पक्षी म्हणाला, "त्या दिवशी मांत्रिक रात्रभर चालून आला होता. आता रोज पहाटे निघतो. पाय अधू, पोचेपर्यंत दिवेलागण होते. तुमचं दार दुपारीच बंद."

"महाराज शास्त्राबाहेर क्षणभर थांबायचे नाहीत. सांगून सांगून थकले मी."

"मग शास्त्रातच थांबव. डोंगरापलीकडे चांदी नावाची गाय आहे. पान्हा चोरते. तिला आण."

राणी निघाली. नदीनं कांकणं मागितली. राणीनं ती उतरवून दिली, नदी दुभंगली. वाघानं पंजा पुढे केला. तिनं त्यातला काटा काढला, वाघानं वाट सोडली. तिसरं काम मात्र अवघड. पक्ष्यानं बजावलं होतं, चांदीला दावं लावायचं नाही, काठी दाखवायची नाही, तिनं आपणहून यायचं! राणी तिच्या गळ्याखाली खाजवत बसली, बिंबाचं सगळं सांगत राहिली. सांगता सांगता हमसून रडली. चांदी उठली आणि वासरासकट तिच्यामागून चालू लागली.

दुसऱ्या दिवशी अंगणात गवळी धारेला बसला. थेंब निघेना. ऊन कललं, गवळ्याला घाम फुटला.

राजा कडाडला, "हा काय तमाशा? दुसरी गाय आणा!"

"गाय कोणती, हे शास्त्रात आहे का, महाराज?" राणीनं विचारलं.

राजानं राजपुरोहिताकडे पाहिलं. पुरोहितानं मान हलवली. "नाही, महाराज."

"हलकी गाय शोधलीत तेव्हा ते शास्त्र," राणी म्हणाली, "आणि मी हट्टी आणली की तमाशा होय?"

चरवीत बघण्यासारखं काही नव्हतं, म्हणून राजा रस्त्याकडे बघू लागला. मोळीवाली गेली, कुंभार गेला. इतकी माणसं आपल्या दारावरून जातात, हे त्याला ठाऊकच नव्हतं. कुणाचं पोट खपाटीला गेलेलं, कुणाची नजर वाड्याच्या धुराकडे. राजाला कसंसंच झालं.

दिवेलागण झाली. वासरू हंबरलं आणि चांदीनं पान्हा सोडला. चरवी फेसानं भरली.

"धार झाली, महाराज!" गवळी ओरडला.

"शास्त्र पुरं झालं," पुरोहित म्हणाला. "आता दार लावायला हरकत नाही."

राणीनं रस्त्याकडे पाहिलं. वळणावर म्हातारा दिसत होता, दगडावर टेकलेला, धापा टाकणारा. तिच्याजवळ आता दुसरी युक्ती उरली नव्हती. राजाच्या हातात अडसर होता.

राजानं अडसर उचलला. वळणावरच्या म्हाताऱ्याकडे त्याची नजर गेली. मग अडसर अंगणात फेकून अनवाणीच पायऱ्या उतरला.

"महाराज, वेळ संपली!" पुरोहित म्हणाला.

"वेळ संपली, पण बाबा अजून उपाशी आहेत. ती वेळ कुणासाठी ठेवली होती, पुरोहितजी?"

त्यानं म्हाताऱ्याला हाताला धरून आणलं, पाय धुतले, स्वतःच्या हातानं पान वाढलं. म्हाताऱ्यानं पहिला घास घेतला, दुसरा बिंबाला भरवला.

बिंबानं चावून पाहिलं. "आई, मऊ आहे गं!"

राणीला हसावं की रडावं कळेना.

दुसऱ्या दिवशी त्या अडसराचं सरपण झालं, त्यावर खीर शिजली. मोळीवाली आणि कुंभार पहिल्या पंगतीला बसले. राजाच्या दारी जसं उशिरा आलेल्याला पान मिळालं, तसं तुमच्या-आमच्या दारीही मिळो.