मुरलेले पाणी

पूर्वी अश्मक देशातील पोतन नगरात सुयाम नावाचा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व एका पाणक्याच्या कुळात जन्मला. त्याचे नाव भद्रक. वयात आल्यावर वडिलांची कावड त्याच्या खांद्यावर आली आणि तो नगराबाहेरच्या विहिरीचे पाणी घरोघरी पोचवू लागला. पाणी हिंदकळू न देता चालणारा पाणक्या म्हणून लोक त्याला ओळखत.

एका उन्हाळ्यात राजवाड्यामागचे कमळतळे आटू लागले. उरलेल्या चिखलात लाल परांचे लहान मासे वळवळू लागले. राजाची मुलगी सुमेखला तेव्हा बारा वर्षांची होती. ती फारसे बोलत नसे. कोणी काही विचारले तर आधी दासीकडे बघे. पण ते मासे पाहून ती आपणहून वडिलांकडे गेली आणि म्हणाली, “बाबा, त्यांना पाणी हवं आहे.” मुलीने काहीतरी मागितले याचाच राजाला आनंद झाला. त्याने बागेत काळ्या दगडाचे नवे कुंड बसवून घेतले. कुंडात पाणी भरायला भद्रकाला ठेवले. कुंड स्वच्छ ठेवण्याचे काम तारिका नावाच्या म्हाताऱ्या दासीकडे दिले. तिनेच राजकन्येला लहानाची मोठी केली होती.

तळ्यातून पहिले तीस मासे आणले. राजकन्येने त्यांना तूपभात भरवला. पाणी दुधाळ झाले आणि चार दिवसांत सगळे मासे मेले. दुसऱ्या खेपेला भात बंद केला, तर वैद्याने पाण्यात हळद टाकायला सांगितली. तेही मासे गेले. मग तारिकेने पदर खोचला. रोज सकाळी ती मासे घंगाळात काढून ठेवी, कुंडातले शिळे पाणी उपसून टाकी आणि राखेने व वाळलेल्या दोडक्याच्या जाळीने दगड घासून काढी. दगडात तोंड दिसू लागले की भद्रक विहिरीचे ताजे, गार पाणी ओती. पोतन नगरात सूर्य उगवल्यावर कालचे पाणी कोणी पीत नसे, आणि पाहुण्यापुढे शिळे पाणी ठेवणे हा त्याचा अपमान समजला जाई. हे मासे तर राजाचे पाहुणे होते.

तरीही रोज एकदोन मासे उलटे होऊन तरंगत. राजकन्या त्यांना ओंजळीत घेऊन जास्वंदीखाली पुरी. शेवटी तीनच मासे उरले. तळ्यात आता चिखलही ओला नव्हता, त्यामुळे नवे मासे मिळणार नव्हते.

मुलीचा उतरलेला चेहरा राजाला बघवेना. तो म्हणाला, “येत्या पौर्णिमेपर्यंत बघू. तोवर या कुंडात मासे जगले नाहीत, तर माती भरून जाई लावू. रोजचं हे दुःख नको.”

दुसऱ्या दिवशी सकाळी भद्रक पाणी ओतून लगेच निघाला नाही. काठावर बसून राहिला. घंगाळात बरे असलेले मासे ताज्या पाण्यात सोडताच वर आले आणि तोंडे उघडमीट करू लागले. त्याने पुढचे दोन दिवसही तेच पाहिले. मग विहिरीवर गेल्यावर त्याची नजर गुरांना पाणी पाजायच्या दगडी डोणीकडे गेली. तिच्या कडा शेवाळाने हिरव्या झाल्या होत्या. ती कधी कोणी घासली नव्हती. आणि गेल्या वर्षी पोहऱ्यातून चुकून वर आलेला एक मासा तिच्यात म्हशींच्या नाकांखालून निवांत फिरत होता.

“ते मासे माझ्या पाण्याने मरतात,” त्याने जेवताना बायकोला, सामाला, सांगितले.

“मग हे आता कोणाला सांगणार आहात?”

“तारिकाबाईंना.”

“सांगा की. पाणी बदलणं थांबलं म्हणजे वाड्यातलं कामही थांबेल. मग घरात दाणे कुठून आणायचे, ते त्या डोणीतल्या माशालाच विचारा.”

“विचारीन. तो अजून जिवंत आहे, म्हणजे त्याला काहीतरी कळत असणार.”

सामाने चुलीकडे तोंड करून हसू लपवले. “जा, सांगून या. आज भाजीत मीठ नव्हतं तरी तुम्ही ‘छान झाली’ म्हणालात आणि कान लाल झाले. तुम्हाला काही लपवता येणार आहे होय?”

दुसऱ्या दिवशी भद्रक भरली कावड घेऊन कुंडाशी नुसताच उभा राहिला.

“ओत ना रे,” तारिका म्हणाली. “मुहूर्त बघतोस का?”

“तारिकाबाई, आजपासून पाणी बदलायला नको.”

“म्हणजे शिळ्या पाण्यात ठेवू? तुझ्या घरी पाहुण्याला देतोस शिळं पाणी?”

“तुम्ही कैरी मिठात घालता, तेव्हा रोज सकाळी मडकं उपसून घासता का?”

“खुळा आहेस. मुरायला नको?”

“तसंच हे पाणीही मुरायला हवं. नव्या दगडातलं पाणी कच्चं असतं. आपण रोज ते पुन्हा कच्चं करतो.”

तारिका उत्तर देणार, एवढ्यात खांबाआडून राजकन्या पुढे आली. दासीकडे न बघता तिने भद्रकाला विचारले, “मुरायला किती दिवस लागतात?”

“ते पाणीच सांगेल, राजकन्ये. आपण त्याला पुन्हापुन्हा हलवलं नाही तर लवकर सांगेल.”

तोवर ते तीन मासे डोणीत ठेवायचे ठरले. भद्रकाने माशांचे मडके आधी डोणीच्या पाण्यात तरंगत ठेवले आणि ओंजळीओंजळीने दोन्ही पाणी एक होऊ दिले. डोणीतले शेवाळलेले चार दगड त्याने कुंडात नेऊन ठेवले. त्या दिवसापासून तो कुंडात उन्हाने आटेल तेवढेच पाणी घालू लागला.

राजकन्या रोज विहिरीवर जाऊ लागली. पाण्याला आलेल्या बाया तिला आधी भीत होत्या. मग एक म्हणाली, “आमची म्हैस चार दिवस झाले ताठ मानेनं चालते. राजाच्या पाहुण्यांबरोबर पाणी पिते ना.” राजकन्या हसली. तिचे हसणे तिथे कोणी आधी ऐकले नव्हते.

कुंडातले पाणी आधी गढूळ झाले, मग त्याला वास सुटला, मग वास गेला आणि काठावर हिरवी साय धरली. तारिका रोज नाकाला पदर लावून येई आणि लांबूनच बघून जाई. पण पौर्णिमेच्या आदल्या दिवशी तिला राहवले नाही. उद्या महाराज येणार आणि माझ्या बाळाचे कुंड डबक्यासारखे दिसणार, असे तिच्या मनात आले. राजकन्या आणि भद्रक विहिरीवर असताना तिने माळ्यांना हाताशी घेतले, पाणी उपसले, दगडांसकट सारे कुंड घासले आणि ताजे पाणी भरले.

दोघे परतले तेव्हा कुंड आरशासारखे चमकत होते. “बघ बाळ,” तारिका धापा टाकत म्हणाली, “कसं लख्ख झालं.”

राजकन्येच्या डोळ्यांत पाणी आले. भद्रकाने तारिकेचे हात पाहिले. राखेने त्यांची कातडी सोलवटली होती. “बसा बाई,” तो म्हणाला. “हात दुखत असतील.”

दुसऱ्या दिवशी राजा आला. कुंड पाहून तो प्रसन्न झाला. मासे मडक्यात आणलेलेच होते. “सोड रे,” त्याने भद्रकाला सांगितले.

मासे सोडले असते तर ते संध्याकाळपर्यंत पोहले असते. राजा समाधानाने परत गेला असता. कुंड राहिले असते आणि भद्रकाचे कामही.

भद्रक म्हणाला, “महाराज, आज सोडले तर कुंड राहील, मासे राहणार नाहीत. पाणी पुन्हा कच्चं झालं आहे.”

“कोणी केलं?”

तारिकेने मान खाली घातली. भद्रक म्हणाला, “चूक माझी आहे. पाणी मुरतं कसं, त्याला वास का येतो, मग तो का जातो, हे मी राजकन्येला रोज दाखवलं. ज्यांच्या हाती कुंड होतं त्यांना एकदाही दाखवलं नाही.”

“मग ठरल्याप्रमाणे माती भरायची?” राजाने मुलीला विचारले.

सुमेखला नेहमीप्रमाणे दासीकडे वळली. तारिका रडत होती. मग राजकन्येने मडक्यातल्या माशांकडे पाहिले आणि म्हणाली, “भरा, बाबा. मासे डोणीत राहतील. मी तिथे जाऊन बघत जाईन. इथे सोडू नका.”

राजाने मुलीकडे पाहिले. इतक्या माणसांसमोर इतके बोललेले त्याने तिला कधी ऐकले नव्हते. मग तो म्हणाला, “जाई लावायची घाई नाही. पुढच्या महिन्यातही पौर्णिमा येते.”

राजा गेल्यावर तारिकेने डोळे पुसले आणि कुंडाच्या कडेला कोरलेल्या मगरीच्या तोंडाकडे बोट दाखवले. “या मगरीच्या जबड्यात माझा हात पोचला नव्हता,” ती ओशाळून म्हणाली. “आत हिरवं राहिलं आहे.” आपल्या हातून काहीतरी घासायचे राहिले, याचा तिला जन्मात पहिल्यांदाच आनंद झाला.

तेवढ्या शेवाळापासून पाणी पुन्हा मुरू लागले. या वेळी भद्रक रोज तारिकेला पाणी ओंजळीत घेऊन दाखवी. ती कुंडाशी काठी घेऊन बसू लागली, आणि झाडू घेऊन येणाऱ्या माळ्याला म्हणे, “लांब हो. मुरतंय.”

पुढच्या पौर्णिमेला तीन मासे कुंडात सोडले. ते जगले. जास्वंदीखाली पुन्हा खड्डा खणावा लागला नाही. पुढे त्यांना पिल्ले झाली, आणि कमळतळे भरल्यावर राजकन्येने त्यांतली कितीतरी पिल्ले स्वतःच्या ओंजळीने तळ्यात सोडली.

कुंडाला आता दिवसाला एक घागरही पुरे होई. ती राजकन्याच घाली. भद्रक पुन्हा घरोघरी पाणी भरू लागला. सामा कधीकधी विचारी, “काय म्हणतो तुमचा डोणीतला मासा?” तो म्हणे, “थांबा म्हणतो.” आणि दोघे हसत.

विहारात ही कथा सांगून शास्ता, म्हणजे भगवान, म्हणाले, “त्या वेळचा राजा म्हणजे आज हा विहार बांधून देणारा गृहस्थ. सामा म्हणजे त्याची विनोदी पत्नी. तारिका म्हणजे वृद्ध भिक्षुणी उपसीला, जी आपल्या नव्या शिष्येला मायेने दर तीन दिवसांनी ध्यानाचा नवा विषय आणून देते. राजकन्या सुमेखला म्हणजे ती शिष्या सुखुमा. आणि भद्रक नावाचा पाणक्या मीच होतो.”

उपसीला ओशाळून हसली. त्या दिवसापासून सुखुमाने नवा विषय मागितला नाही. जो हाती होता तोच धरून ती बसली, आणि यथाकाल तिचे मन स्थिर झाले.

या जन्मी बोधिसत्त्वाने आचरलेला गुण तो क्षांती, म्हणजे शांतपणे धरलेला धीर.